अडवून ठेवलेली कार्डं

बाबा, जिवंतपणी तुम्हाला माझा जन्मवार आठवत नव्हता, तेव्हा मी कोणती ते आधी सांगते. मधली, मोहगावला दिलेली. मी सांगून राहिली, नात लिहून राहिली. माझं बोलणं ती वाटेत सरळ करते, करू देते. अक्षर तर तुम्ही मला शिकूच दिलं नाही.

ही नात सौंसरच्या घरात बसून कॉम्प्युटरचं काम करते. सी नावाची भाषा आहे म्हणे, तिची लायब्ररी. तिथं पुस्तकं नाहीत, तयार कामं असतात, बाकीचे प्रोग्राम ती वापरतात. परवा डोकं धरून बसली होती. विचारलं तर म्हणे, "आजी, प्रोग्रामले बाहेरून निरोप येतात, सिग्नल. नाजूक काम चालू असलं का तो म्हणते, हे-हे आत्ता नको. त्या नको असलेल्यांची यादी म्हणजे सिग्नल सेट. यादी रिकामी करणं, तिच्यात टाकणं, काढणं, अमका हाय का पाहणं, हे मी लिहून राहिली. एका घरानं चुकलं. सांगितला एक, अडला शेजारचा."

"अडलेल्याचं काय होते?"

"थांबून राहते. यादीतून काढला का मिळते. पण तोच तीनदा आला तरी एकदाच मिळते."

मी सोलत होते ते संत्रं खाली ठेवलं.

तुमची तीन कार्डं आली होती, बाबा. मला नववा महिना. पोस्टमननं तिन्ही माझ्याच हातात दिली. मरणाची खबर असली की कार्डाचा कोपरा फाडतात, तेवढं मलाही वाचता यायचं. तिन्हींचे सगळे कोपरे शाबूत. सासू वाचून म्हणायची, "खुशाल हाय सारे." पहिल्या दोन्हींत आजारी माय मला बोलावत होती, खाली तुमची ओळ, हिला सांगू नका. तिसऱ्यात माय उरली नव्हती, अन् तिचा कोपरा तुम्ही मुद्दाम फाडला नाही. बारसं झाल्यावर सासूनं तिन्ही एका दमात खरी वाचून दाखवली. मायची दोन बोलावणी अन् एक मरण, माझ्यापर्यंत मरणच पोचलं.

नातीला विचारलं, "यादी ठरवते कोण?"

"प्रोग्राम स्वतःच. काय अडून हाय, तेबी त्याले विचारता येते."

बघा. मशीनला तेवढी मुभा आहे.

यादीतलं चुकलेलं घर तिनं संध्याकाळपर्यंत बरोबर केलं. तुम्ही मरेपर्यंत एकदाही म्हटलं नाही, चुकलं म्हणून.

आता माझं. खबर वेळेवर कळली असती तरी त्या पोटानं, बैलगाडीत बसून मी निघाले असते का, हे मलाच सांगता येत नाही. आजवर कुणापाशी बोलले नाही. म्हणून हा कागद पोस्टात टाकायचा नाही, असं नातीला बजावलं आहे.

माय तिथं असेलच. तिला म्हणावं, ज्वारीच्या बिबड्या, तुझ्या हातचे ते पापड, धाड, तिखट कमी, भाजून. तुम्ही काही धाडू नका.