दाराबाहेरचा कोच

गुरुवार, १४ मार्च २००२. संध्याकाळी सात दहा.

याच मिनिटाला, इथे आखातात, ऊद मेथाच्या सभागृहात, महिला बास्केटबॉल संघ घडवल्याबद्दलची शाल सेक्रेटरी देशमुखांच्या खांद्यावर पडली. सतरा वर्षं कोच मी. मुलींचे सामने बंद दाराआड, पुरुषांना प्रवेश नाही. हा बाहेर चहा ढोसत बसायचा.

"मॅडम, तुम्ही आता रिटायर्ड. अ‍ॅडजस्ट करा ना."

"संघात कोर्टवर खेळाडू किती असतात, देशमुख?"

"अकरा."

माझ्या संघात खेळलेली रेश्मा, आज स्वतः कोच आहे, खदखदून हसली. त्याने शाल आणखी घट्ट ओढली. प्रेताला शोभते तशी शोभत होती. मी तिथेच का नाही ओढून घेतली?

उद्या कमिटीला पत्र. यांनी एकही सामना पाहिला नसेल, तर शाल परत घ्या. पाहिला असेल, तर बायकांत कसे घुसले ते कळवा. लेखी उत्तर, बुधवारी दुपारी बाराच्या आत.