आडनाव : नाई

मु. तेंदूटोला, ता. ब्रह्मपुरी
मार्च १९८६

चिरंजीव भाऊ लहानू यास,

मोठ्या बहिनीचा, म्हनजे ठमाबाईचा, सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सारे खुशाल (पत्रात असंच लिवा लागते, खरं काय ते खाली हाय), तिकडे माजरीले तुझी खुशाली कळव. खानीतल्या धुळीनं लागलेला खोकला गेला का? तुझ्या बायनाबाईचे गुडघे कसे हायत? मागच्या पत्रात तू लिवलं होतं, तेल लावून राह्यली म्हून. तेलानं गुडघे बरे होत असते तर माझे आतापावेतो नाचले असते. माझं अक्षर पाहून हसू नको. प्रौढ शिक्षनाच्या वर्गात मी अर्धंच शिकली, जोडाक्षरं येन्याआधी मास्तरची बदली झाली. म्हून जोडाक्षरं कांताच्या जुन्या पुस्तकात पाहू पाहू घालून राह्यली. पत्राले चार दिवस लागले, त्यातला एक दिवस 'प्रौढ शिक्षन' लिवन्यातच गेला.

आता मुद्द्याचं. माझ्या कांताची पोरगी सहा महिन्याची झाली. विशाखा नाव ठेवलं. नाव ठेवाले मी आन् सुईन, दोघीच होतो; नावं ठेवाले मात्र सारं गाव आलं, तेही घरून जेवून. तुले माहीतच हाय (तुले नाई त कोनाले असंन, सोयरीक तूच आनली होती, 'पोरगा खानीत पर्मनंट हाय, बाई' म्हून), मंगरू टेंभुर्णेनं कांताले सातव्या महिन्यात बाळंतपनासाठी एसटीत बसवून देल्लं, आन् मंग न्याले आलाच नाई. आलं ते त्याचं पोस्टकार्ड. दीड ओळ. 'मी दुसरं घर केलं आहे. मुलीस माझे आडनाव लावू नये.' लावू नये! त्या मानसाले संसार जमला नाई, पन भाषा जमली. कार्ड उघडं असते, म्हून ते आधी डाकवाल्यानं वाचलं, मंग डाकवाल्याच्या सासूनं, मंग मले भेटलं. कांतानं वाचलं, आन् तवापासून ती बोलत नाई. मोहफुलं येचते, पोरगी पाजते, आंगन सारवते, बोलत नाई. एका घरात दोघी बायका आन् बोलनारी मी एकटीच. म्हनजे मले भांडाले बी कोनी नाई.

अंगनवाडीची बाई म्हने, पोरीचं नाव पंचायतीत चढवा, आडनावासकट पूर्न पायजे. म्हून मी आडनाव धुंडाले निघाली, जसं कोनाच्या घरी सूप मागाले जावं तसं. पयले माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ, भासरा देवराव. म्हनलं, भाऊजी, पोरीले आपलं निमगडेच लावू, तिच्या मायचं माहेरचं. भासरा म्हनते, "लाव ना, मी कुठी नाई म्हनतो? पन लेकीची लेक निमगडे झाली त उद्या धानाच्या बांधीत हिस्सा मागंन." पोरगी अजून धड बसत नाई, आन् ती बांध कोराले निघाली! मंग समाजाचे वामनराव, जे दोन्ही हात जांघेवर ठेवूनच बोलतेत. ते म्हनाले, बापाचंच लागते. म्हनलं, बाप नोको म्हनते. त म्हनतेत, "पोरगीच त हाय, ठमाबाई. उद्या लगन झालं का आडनाव बदलते. कायले एवढा खटाटोप?" मी म्हनलं, वामनराव, उद्या तुमी बी मरनारच, मंग आज धोतर कायले नेसता? बैठक तिथीच उठली.

शेवटी पोरीले कडेवर घेऊन मी ग्रामसेवकाकडे गेली. हा ग्रामसेवक नवा हाय, साताऱ्याकडचा. आपली बोली त्याले अर्धीच कळते, आन् जी अर्धी कळते ती उलटी. त्यानं विचारलं, "मुलीचं नाव?" विशाखा. "वडिलांचं?" मंगरू. "आडनाव?" आता काय सांगू? बाप देत नाई, भासरा देत नाई. जे खरं ते सांगितलं. म्हनलं, नाई. त्यानं डोस्कं हालवलं, लिवलं, शिक्का मारला, दाखला हाती देल्ला. मले वाटलं, मानूस भला हाय, जास्त खोदत नाई. अंगनवाडीत बाईनं दाखला साऱ्यायपुढं मोठ्यानं वाचला : विशाखा मंगरू नाई. लहानू, त्यानं 'नाई' हेच आडनाव म्हून चढवलं! मी उलट्या पावली गेली, त मलेच शिकवते, "आजी, इकडे न्हाव्याला नाई म्हणतात, एवढं कळतं मला." आन् आता बदलाचं असंन त बापाची सही आना म्हनते.

गावात नाई एकच, बुधू. साठी उलटली, हात कापते, म्हून दाढी करताना लोक डोळे मिटून घेतेत. तिसऱ्या पहारी त्याची बायको नीलाबाई माझ्या आंगनात, हातात आंगन झाडाचा फडा. "खरं सांग ठमाबाई, माझ्या बुढ्यानं काय केलं?" मी म्हनलं, नीलाबाई, तुझ्या बुढ्याले दोन बाजूचे कल्ले सारखे कापता येत नाई, तो एवढं काय करंन! (यावर तिले राग जास्त आला.)

दुसऱ्या दिवशी बुधू सोताच आला. हत्यारायची पेटी उंबऱ्यावर ठेवली, टोपी काढली. म्हनलं, आता हा बी भांडनार. त म्हनते, "बाई, लेकरू माझं नाई, हे तुले बी ठाऊक, मले बी. पन आडनाव पायजे असंन त राहू दे. माझं खरं आडनाव या गावात कोनी कधी विचारलं नाई, सारे नाईच म्हनतेत. पोरीच्या कामी येत असंन त येऊ दे." मी च्या टाकला. तो बशीनं पिऊन गेला. देवरावले हे सांगितलं त तो म्हनते, बरं झालं, बांधीचा घोर गेला.

बुधूचं मन मोठं, पन पोरीनं उसनं आडनाव कायले वागवावं? तर काम एवढंच. मंगरूच्या क्वार्टरात जाय आन् कागदावर त्याची सही घे. गोडीनं देल्ली त ठीक, नाई त तुझ्या रीतीनं. पोरीले बापाचं आडनाव लागलंच पायजे, हा माझा शेवटचा शब्द. सोयरीक तू आनली, याचा राग मी मनात ठेवला नाई.

बायनाबाईले जयभीम, पोरायले आशीर्वाद.

तुझी बहीन
ठमाबाई निमगडे (हे आडनाव तेवढं नवरा मागं सोडून गेला, दुसरं काही नाई)

ता. क. डाकवाला मंगळवारीच येते, म्हून पत्र घरात पडलं होतं. ते कांतानं वाचलं. वामनरावच्या धोतराशी आली आन् हसली. मंग बोलली, इतक्या महिन्यानं. "माय, सही नोको. नाई राहू दे." म्हनलं, पोरगी मोठी झाल्यावर लोक विचारतील ना. त म्हनते, "विचारतील, बाप हाय का. विचारतील, आडनाव काय. दोनीले एकच जबाब. पाठ कराले सोपा." मंग चुलीपाशी बसून रडली. मी धुराले शिव्या देल्ल्या.

पुन्हा ता. क. वरचा शेवटचा शब्द खोडून टाक. सही आनू नको. मंगरूच्या क्वार्टरात खिडकीखाली कांताची शिलाई मशीन हाय, लगनात मी देल्ली ती. ती घेऊन ये. त्याची नवी बाई शिवत बसली असंन त कपडा सुईखाली असतानाच उचल. सोयरीक तू आनली होती, आता मशीन बी तूच आन. राग मी मनात ठेवला हाय.

अजून एक. आज ग्रामसेवक रस्त्यात भेटला. म्हने, "काय आजी, करायचा का आडनावात बदल?" या टायमाले घोळ नोको म्हून मी उभी राह्यली, आन् पुस्तकातल्यासारखं तोंड भरून म्हनलं, ना-ही. त्यानं खिशातून वही काढून ते बी लिवून घेतलं. काय म्हून लिवलं, ते पाहाले मी थांबली नाई.