घाटातलं वळण आणि रुंद चाकं

आबा, आज नंदुरबारला जाऊन गाडीला नवे टायर घातले. तुमची पिकअप नाही, ती केव्हाच भंगारात गेली. ही माझी दुसरी. दुकानदाराने चाकाच्या रुंद डिस्क दाखवल्या, चकचकीत, काळ्या. म्हणाला, सगळी पोरं हल्ली हेच घालतात, गाडी उठून दिसते. मी म्हटलं, कंपनीने दिलंय त्याच मापाचं दे, आणि डिस्क जुनीच राहू दे. तो जरा हिरमुसला. मग मी त्याच्याकडे ओला चुना मागितला, तेव्हा त्याला वाटलं मला तंबाखू खायचा आहे.

तुमची पद्धत आमच्या कोरीट गावात चेष्टेचा विषय होती. टायर बदलला की तुम्ही मडगार्डच्या आतल्या कडेला बोटाने चुना लावायचात, आणि मग आळीतल्या सगळ्यांना मागे बसायला बोलवायचात. बाया पोरं कडेवर घेऊन यायच्या, म्हातारे काठी टेकत यायचे, कोणी धान्याचं पोतं मांडीवर घेऊन बसायचं. गाडी भरली की तुम्ही स्टेअरिंग आधी एका टोकाला फिरवायचात, मग दुसऱ्या टोकाला, आणि खडबडीत बोळातून एक चक्कर मारायचात. परत आलात की खाली वाकून टायरवर चुना लागलाय का बघायचात. रिकाम्या गाडीवर विश्वास ठेवायचा नाही, असं तुम्ही मला किती वेळा ऐकवलं असेल. माल भरला की गाडी खाली बसते, उतारावर पुढून आणखी दबते, आणि नेमकं तेव्हाच चाक पूर्ण वळवावं लागतं. बायांना मात्र फुकटची चक्कर मिळायची, त्या खुशीत असायच्या. मला लाज वाटायची. मी कॉलेजात जायला लागलो होतो आणि माझा बाप चुन्याचं बोट घेऊन गावाला गाडीत बसवत होता.

पण धडगावच्या वाटेवर तुमचं नाव होतं. चांदसैलीच्या घाटात ते कोपरासारखं दुमडलेलं वळण आहे ना, तिथे भरलेली पिकअप एका दमात घेणारे तुम्ही. बाकीचे एकदा मागे घ्यायचे, दगड लावायचे, क्लिनर ओरडायचा. तुम्ही वरून आमचूर भरून उतरायचात आणि त्या वळणावर बिडीसुद्धा तोंडातून काढायचा नाहीत. आमचूरचा व्यापारी तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीत माल घालत नसे. तुमच्याजवळ शेत नावापुरतं होतं, शिक्षण नव्हतं. ते वळण हीच तुमची पत होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही, पण मी सुरतेला नोकरीला लागलो होतो आणि मला तुमच्यासाठी काहीतरी दणक्यात करायचं होतं.

त्या दिवाळीला मी सुरतेहून रुंद डिस्क आणि त्यावर चढवलेले जाडजूड टायर घेऊन आलो. निवड कशी केली म्हणाल, तर दिसण्यावरून. डिस्क किती बाहेर निघेल, चाक वळताना किती जागा मागेल, हे मी विचारलंच नाही. नंदुरबारच्या दुकानात ती चाकं बसवली, तुमची जुनी चाकं तिथेच देऊन टाकली. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून आलात आणि टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घातलात. नेहमी चार बोटं सहज जायची. तुमची दोन बोटं अडकत गेली. मग तुम्ही चुना कुठे मिळेल म्हणून इकडेतिकडे बघायला लागलात. मी म्हणालो, आबा, इथे दुकानात तमाशा नको, लोक हसतील. तुम्ही हात धोतराला पुसला. चाकांचं कौतुक करत म्हणालात, "भारी शेतस भाऊ. गाडी नवरदेव दिखी ऱ्हायनी."

तुम्हाला तिथेच कळलं होतं. तरी माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही गप्प बसलात.

नंतरचं मी सुरतेत बसून ऐकलं. आबा घाटात गाडी मागेपुढे करतात. आबा त्या वळणावर थांबतात. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. एकदा तो व्यापारी तुमच्या शेजारी बसला होता, तुम्ही गाडी मागे घेतली आणि मागचं चाक कठड्याच्या कडेला टेकलं. तो खाली उतरून उरलेला घाट चालत आला म्हणतात. त्याने दुसऱ्या गाडीत माल घालायला सुरुवात केली, आणि सगळीकडे सांगितलं की आता म्हाताऱ्याकडून घाट होत नाही. तुम्ही म्हातारे नव्हतात.

मी दरवेळी घरी आलो की आधी चाकांकडे जायचो. फडक्याने डिस्क पुसायचो, शेजाऱ्यांना दाखवायचो. आणि पुढच्या दिवाळीला मी तुमच्याकडे गाडीची किल्ली मागितली. माय चुलीपाशी पापड भाजत होती, तिने मान वर केली नाही. मी बरंच बोललो. जिवावर बेतेल, लोक काय म्हणतील, आता आराम करा, असं सगळं, पोटच्या पोराने काळजीने बोलावं तसं. तुम्ही वाद घालाल म्हणून मी तयारी करून आलो होतो. तुम्ही किल्ली कमरेच्या करगोट्यातून सोडवून माझ्या हातावर ठेवलीत. "आते मन्हाकडतून व्हत नही," म्हणालात. मला हायसं वाटलं, आबा. खरंच हायसं वाटलं.

मग तुम्ही मिरची वाळवायच्या पथारीवर राखणीला बसायला लागलात. लाल मिरची मैलभर पसरलेली आणि तिच्या कडेला तुम्ही, गुरं हाकत. गाडी अंगणात उभी असायची, तुम्ही ती रोज धुवायचात. मग एका हिवाळ्यात तुम्ही गेलात आणि मी सुरत सोडून घरी आलो.

त्याच उन्हाळ्यात नात्यातल्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन मी पहिल्यांदा ती गाडी भरून घाटात नेली. त्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि खालून खर्रकन आवाज आला, गाडी अडल्यासारखी झाली, रबर जळल्याचा वास सुटला. मी घाबरून मागे घेतली, परत पुढे घेतली. मागून मामा हसत ओरडला, "बापवर गया रे तू." सगळं वऱ्हाड हसलं. वर पोचल्यावर मी चाकाशेजारी आडवा पडून हात आत घातला. मडगार्डची कड हातोडीने ठोकून आत वळवलेली होती. ठोकलेली कड टायरला कापू नये म्हणून कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती. आणि त्यावरून गाडीच्याच रंगाचा हात फिरवलेला होता, मला दिसू नये म्हणून. एवढं करूनही चाक पूर्ण वळायला लागणारी शेवटची थोडी जागा निघाली नव्हती. तेवढ्याचसाठी तुम्ही त्या वळणावर थांबत होतात.

घरी येऊन मी मायला विचारलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, "त्यासले पहिल्या दिवशीच ठाऊक व्हतं. मी बोलनू, जुन्या मापनं चाक लाई ल्या. तर म्हने, पोऱ्या घर उना का पहिले चाकच देखस." आणि पुन्हा गहू निवडायला लागली. मला तुमचा रागही आला, आबा. एक शब्द बोलला असतात तर मी काय मेलो असतो? फार तर दोन दिवस रुसून बसलो असतो. तुम्ही माझा तो दोन दिवसांचा रुसवा वाचवला आणि त्यापायी घाट सोडलात, व्यापारी सोडला, किल्ली सोडलीत. एवढं महाग काही मी मागितलं नव्हतं.

मी जुन्या मापाची चाकं घातली. लोकांनी विचारलं तर म्हणालो, टायर झिजले होते. मडगार्डची ती कड मी कोणाला दाखवली नाही.

आज टायर बसल्यावर मी दुकानाबाहेरच्या हमालांना मागे बसवलं, कडेला चुना लावला, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. टायर कोरे राहिले. मला आता लोकांच्या हसण्याची लाज वाटत नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर तो आमचूरचा व्यापारी बसला होता, पार वाकलाय आता. मला जवळ बोलावून म्हणाला, "तुन्हा बाप बी असंच करे. घाटना राजा व्हता. पन आखरीले हात थकी गयात त्यासना."

हे पत्र खरं तर त्याला द्यायला हवं. तो जिवंत आहे, आठवड्यातून एकदा तरी बाजारात दिसतो, आणि घाटाच्या वाटेवर तुमच्याबद्दल जे बोललं जातं ते त्याच्या तोंडून सुरू झालेलं आहे. दोष माझ्या चाकांचा होता, एवढं एका वाक्यात सांगता आलं असतं. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही तर तेव्हाही काही बोलला नाहीत.

मी त्याला म्हणालो, हो, वय झालं होतं. आबा, तेव्हाच्या तुमच्यापेक्षा मी आज वयाने मोठा आहे, आणि ते वळण मी एका दमात घेतो.