या नावाला रजा नाही

चि. नंदा,

गेलेल्या माणसाच्या नावाआधी चिरंजीव लिहीत नाहीत, हे मला कळतं. तरी लिहिलं. कोण काय करणार आहे?

आज लिहायचं कारण तुझी लेक. शाळेत नाव घालायला तिला बोईसरला नेलं होतं. फॉर्म वाचून कारकून हसला. "लीव? कुठली काका, सिक की कॅज्युअल?" मागचे पालकही हसले. फॉर्म तसाच परत घेऊन बाहेर येताच पोरीने माझं बोट ओढलं. "आबा, माझं नाव सुट्टी आहे?"

कुठे तोंड लपवू असं झालं गं! तो विनोद पहिल्यांदा मीच केला होता ना?

नॉर्वेहून तुझा फोन आला होता. "बाबा, मुलगी झाली. नाव लीव." आणि मी, कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्मभर रजेचे अर्ज घेतलेला माणूस, म्हणालो, "मंजूर! किती दिवसांची?" तू हसली नाहीस. "अर्थ तरी विचारा," एवढंच म्हणालीस.

मी विचारला नाही. शाळेच्या कवितेतला एकेक शब्द तुला झोपाळ्यावर बसवून फोडून सांगायचो मी! नातीच्या नावापाशीच कसा अडलो?

पण तूही हट्टीच. दोन वर्षं आजारी पडून माझ्याच घरात होतीस. एकदा तरी आपणहून सांगायचंस की!

शेवटी तो अर्थ तुझ्या वहीत सापडला. तिकडच्या वृद्धाश्रमात तू जिची सेवा केलीस, त्या लीवआजींनी सांगितलेला. त्यांच्या जुन्या बोलीत या नावाचा अर्थ आसरा, ढाल. आताच्या बोलीत, जीव. खाली त्यांच्याकडची एक प्राचीन कथाही लिहिलीयेस: जग संपतं, तेव्हा रानात लपून, दंव पिऊन एक बाई उरते. तिचं नावही असंच काहीसं. लीव, जीव. यमकसुद्धा जुळतंय! आणि ते मला दिसू नये?

संध्याकाळी बेटेगावहून तुझी आत्या आली. "दादा, लीला कर. एक अक्षर बदलायचं हाय फक्त."

"नाही बदलणार."

"लोक हसतात पोरीला. तिची आई गेली, नि तू नावाला कवटाळून बस!"

"आई गेली म्हणूनच."

मग ती पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली. जावई बोटीवर आहेत, फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणतो तसंच, मग!

पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "सुट्टी नाही गं. तुझं नाव जीव." ती आत्ता शेजारी बसून या कागदावर बोट फिरवतेय.

"आबा, चि. म्हणजे काय?"

"चिरंजीव."

"म्हणजे त्यात मी आहे!"

बघ. तुझ्या नावाआधी कोण बसलंय ते.

उद्या तोच फॉर्म देईन. कारकून हसला, तर अर्थ सांगेन, वर्गात उभं राहून कविता म्हणायचो तसा, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत. पुन्हा हसला तर पुन्हा. टाइम ऑफिसचा माणूस आहे मी. तुला अडवता आलं नाही, नंदा. या नावाला मात्र मी रजा देणार नाही.

अर्थ उशिरा विचारणारा,
तुझा बाबा