अर्ध्या तांदळाएवढी तार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे कागदावरच). तुझा खोकला आणि दाजींची सल्ले देण्याची उबळ, दोन्ही उताराला लागली असतील.

पत्रास कारण, तुझ्या भाचीच्या दातांवरच्या तारेचे मागचे टोक. लांबी अर्ध्या तांदळाएवढी, पण घराची शांती भंग करण्यास समर्थ. तार बसवल्यापासून गेले तीन आठवडे मुलगी आमच्याशी चिठ्ठ्यांनीच बोलते. दुखत असेल, असे आम्ही धरून चाललो. त्यात परवा रविवारी (दंतवैद्य रविवारी नसतात, हे टोकाला ठाऊक असावे) ते गालात रुतू लागले. अशा प्रसंगासाठी डॉक्टरीणबाईंनी मेणाची डबी दिली होती. वाटाण्याएवढी गोळी करायची, तार कोरडी पुसायची, गोळी वर दाबायची. मधली पायरी मी गाळली (मूळ ग्रंथ न वाचता भाष्य करणाऱ्यांची हीच गत), त्यामुळे मेण तारेला सोडून जिभेला चिकटले. मग मी नेलकटर आणला. तुझी भावजय म्हणाली, "अहो, नखं आहेत का ती?" मी म्हणालो, वाढलेले टोक छेदावे हा सामान्य नियम आहे. तार तुटली नाही. दाताला चिकटवलेली चकती तेवढी सुटली आणि तारेवर मण्यासारखी इकडून तिकडे फिरू लागली. चिठ्ठी आली: "बाबा, आता पुरे."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या मिनिटात टोक कापले, चकती पुन्हा चिकटवली आणि मला बाजूला घेतले. "सर, टोचलं तर मेण लावा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या, मला फोन करा. हत्यार उचलू नका." मी चिठ्ठ्यांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "बोलायला तिला काहीच अडचण नाही."

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. शनिवारी दोन दिवसांसाठी येशील का? तुझ्याशी ती बोलेल.

ता. क. २. हे दाजींना वाचून दाखवू नकोस. तार बसवली त्या संध्याकाळी माझे सहकारी घरी आले होते. तिने मोठ्या हौसेने हसून दात दाखवले, आणि मी म्हणालो, "या, आमच्याकडे लोखंडी फाटक बसलंय." सगळे हसले. तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. तेव्हापासून ती बोललेली नाही. ताई, ती माझ्यासमोर पुन्हा मोकळेपणी हसणार नाही, याची मला भीती वाटते.