बसलेलं बाळ

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

बाळ बसलंय. चक्क बसलंय! डोकं माझ्या बरगड्यांखाली आणि बूड खाली, जिकडून बाहेर यायचं तिकडं.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मला तर अँटेना हललेल्या टीव्हीसारखं दिसलं सगळं. "हे डोकं." बरं. "हे पाय." बरं. "अजून वेळ आहे, वळेल. नाही वळलं तर बघू." डॉक्टर 'बघू' म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो. आता गोळ्याला तिथं जागा नाही म्हणून बरं!

रणजितनं (तोंडावर 'अहो', इथं रणजित) येताना एसटीत विचारलं, "अभ्यासाला बसलंय काय?" आणि एकटाच हसला. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. उसाचं गळीत सुरू झाल्यापासून झोप नाही, म्हणून माफ केलं.

मी हायस्कूलला पीटीची बाई. शिट्टी वाजवून 'पीछे मुड' म्हटलं की अख्खं मैदान फिरतं. आणि हे एवढंसं पोर ढिम्म!

२० नोव्हेंबर

घरात बातमी फुटली. सांगणार नव्हते, पण रणजितच्या पोटात काही राहत नाही. (माझ्या पोटात मात्र सगळं राहतं. हवं तसं बसून राहतं!)

तात्या, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदाच माझ्या तब्येतीवर खूष झाले. "पायानं येतंय? म्हंजी पायाळू!" पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं. पाठीत उसण भरली तर पायाळूनं लाथ मारायची, माणूस ताठ उभा राहतो. असं तात्या म्हणतात. त्यांचा माळ कॅनॉलच्या वरच्या अंगाला आहे. खाली पाणी वाहताना दिसतं, वर चढत नाही. दोन बोअर मारले, नुसता फुफाटा उडाला. आणि पाठ तर त्यांची कायमच धरलेली. म्हणजे नातू जन्माआधीच दोन कामांवर लागला.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "फिरीवता येतंय का बगा त्याला," एवढंच म्हणाल्या.

"का गं? चांगलं पायाळू हाय तर!"

"पायाळूवर ईज पडती."

मग तव्यावरची भाकरी करपली. आत्यांच्या हातची भाकरी करपलेली मी आजवर पाहिली नव्हती.

२४ नोव्हेंबर

शेजारच्या वस्तीवरचे रामहरी आले होते, कमरेवर हात ठेवून वाकडे चालत. "मनिषाताई, बाळ झालं की पैली लाथ मला बरं का!" तात्या म्हणाले, "पैली माझी. तू दुसरा." माझ्यासमोर नंबर लावले! मला कुणी विचारलं नाही. बाळालाही नाही.

१ डिसेंबर, रविवार

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिलाय. गुडघे टेकायचे, छाती सतरंजीला लावायची, बूड वर. सकाळ-संध्याकाळ. मी मुलींना इतकी वर्षं आसनं शिकवली, पण यात जी इज्जत जाते ती कुठल्याच आसनात नाही.

आत्या मधल्या खोलीच्या दारात सूप घेऊन बसतात. कालच पाखडलेली ज्वारी परत पाखडतात. कुणी आलं की मोठ्यानं खोकतात.

आज तात्या आलेच. "आत काय चाललंय?"

"कसरत."

"या दिवसात कसली कसरत?"

"बायकांची. तुमी जावा तिकडं."

उलटी पडून मी तोंडात पदर कोंबला. हसले की बाळ ढुशी मारतं. वळत मात्र नाही.

रात्री रणजित पोटाला तोंड लावून "अहो साहेब, जरा वळा की," म्हणत होता. म्हणता म्हणता तिथंच झोपला.

११ डिसेंबर

रजा सुरू. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, देवावर भरवसा ठेवा." मी म्हटलं, देवानंच बसवलंय सर!

आई येऊन गेली नरसिंहपूरहून. पहिलं बाळंतपण माहेरी, तिचा हट्ट. मी म्हटलं, तिथून बारामती केवढी लांब. रडली. मग डबा उघडून दिला. मग परत रडली. जाताना आत्यांना म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या हवाली." आत्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला नवल वाटलं. आत्या कुणाचा हात धरणाऱ्यातल्या नाहीत.

१८ डिसेंबर

भांडण झालं. खरंखुरं!

डॉक्टरीणबाई म्हणतात, बाहेरून हातानं दाबून बाळ फिरवता येतं. जमलं तर जमलं. थोडा धोका असतो, म्हणून दवाखान्यातच करायचं. तात्यांनी ऐकलं आणि घोंगडं झटकून उभे राहिले. (पाठ धरलेली असताना!) "देवानं जसं बसीवलंय तसं ऱ्हाऊ द्या. त्याला कशाला हात लावायचा?"

रणजित खाली बघत बसला. बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या बोलल्या. तात्यांसमोर त्यांचा एवढा चढा आवाज मी प्रथमच ऐकला.

"पोट तिचं हाय. फिरवून घ्यायचं म्हंजी घ्यायचं. कुनाच्या पाठीसाठी आन् कुनाच्या पान्यासाठी मी त्या लेकराला जन्मभर ईजंच्या धाकात ठिवनार न्हाय!"

तात्या बाहेर गेले. जेवायला आले नाहीत. मग आले. दोनदा आमटी घेतली.

एवढी अंधश्रद्धा! म्हटलं, असू दे. माझ्या बाजूची अंधश्रद्धा आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

फिरवलं!!

आधी सुई दिली, पोट सैल पडावं म्हणून. मग बाईंनी दोन्ही हातांनी कणीक मळावी तसं मळलं. दुखलं. फार. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होते, तो फिरत होता तरी. मध्येच थांबून त्यांनी ठोके ऐकले.  तो वेळ वाईट होता. मग म्हणाल्या, "छान आहेत." आणि परत मळायला घेतलं. एकदम आतून काहीतरी मोठं सरकलं, भरलेलं पोतं कुशीवर पडावं तसं.

बाहेर आत्या बाकावर बसल्या होत्या. "वळलं," म्हटल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. नंतर म्हणे धूर गेला डोळ्यात. दवाखान्यात कसला धूर!

तात्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. माळाकडं निघून गेले.

२७ डिसेंबर

परत बसलं.

पहाटे कळलंच होतं मला. डोकं पुन्हा बरगडीखाली. बाई म्हणाल्या, "हट्टी दिसतंय." रणजित म्हणाला, "आईवर गेलंय." नेमकं कुणाच्या आईवर, हे विचारायचं राहिलं.

सिझरची तारीख दिली, सहा जानेवारी. आधीच पाणी गेलं तर उभं राहायचं नाही, कंबर उंच ठेवून आडवं पडायचं आणि तसंच थेट यायचं. नाळ पुढं घसरू शकते. हे त्यांनी तीनदा सांगितलं. न हसता.

३१ डिसेंबर

बाळ परत बसलंय हे तात्यांना आज कळलं. परत खूष.

५ जानेवारी १९९७, दवाखाना

मुलगी झाली.

परवापासून लिहीन म्हणते, टाके ओढतात. आता थोडं थोडं लिहिते.

गुरुवारी दुपारी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. पाणी गेलं. मला वाटलं तांब्या सांडला. बघते तर तांब्या कट्ट्यावर. रणजित कारखान्यात. मी हाक मारली ती आत्यांना. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "आडवी हो. तितंच." अंगणात! मिरच्यांशेजारी! कमरेखाली गोधड्या सारल्या, तात्यांना रामहरींच्या जीपसाठी पिटाळलं.

जीपमध्ये मागं मी आडवी, डोकं आत्यांच्या मांडीवर, पाय सीटवर चढवलेले. भवानीनगर सोडलं आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एक ट्रेलर आडवा झालेला, ऊस रस्त्यावर. हॉर्न नुसते. मला कळा सुरू झालेल्या. खाली काहीतरी जड सरकतंय असं वाटत होतं आणि मी सांगत नव्हते. सांगितलं तर खरं होईल!

तात्या खाली उतरले. हातात टॉवेल धरून पळत सुटले. वर्षानुवर्षं पाठ धरलेला माणूस! "बाजू घ्या! माजी सून हाय आत! बाजू घ्या रं!" काचेतून फक्त टॉवेल दिसत होता. एकेक ट्रॅक्टर साइडपट्टीवर उतरत गेला.

मी म्हटलं, "आत्या, हे जगंल का?"

"जगंल. पायानं येनारी जगत्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

"हाय मला ठावं," म्हणाल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.  

दवाखान्यात पोचल्यावर सगळं भराभरा. एक पाऊल खाली आलेलं होतं म्हणे. तसंच आत नेलं. मुलगी काढल्यावर रडेना. हे मला नंतर कळलं. बाहेर सगळ्यांना तिचं पहिलं रडणं ऐकू आलं ते बऱ्याच उशिरा. तेवढ्या वेळात निरोप मिळून रणजित सायकलवरून पोचला होता, अंगाला मळीचा वास. 

आता रडते. अखंड रडते. ऐकत राहावं असं.

९ जानेवारी

घरी आलो. आई आली आहे.

तात्या पोरीला बघून गेले. दोनदा. लाथेचं नाव काढलं नाही. रामहरीही नंबराचं बोलले नाहीत. पोरगा असता तर एव्हाना रांग लागली असती!

संध्याकाळी आई कानाशी येऊन कुजबुजली, "सिझर झालं एवढंच सांगायचं. पाय आदी का डोकं आदी, कुनाला बोलायचं न्हाय. पोरीची जात. उद्या पावनं आलं आन् पायाळू म्हणून उठून गेलं तर?" आठ दिवसांची पोर, आणि पाहुणे उठून गेलेसुद्धा! मी म्हटलं, "आई, तिची नाळ तरी पडू दे." पण मान हलवली. हो, हलवली. दमले होते.

आत्या कोपऱ्यात धुरी घालत होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

१३ जानेवारी

बारसं झालं. नाव संस्कृती, रणजितनं ठरवलेलं.

वस्तीवरच्या बायका जमल्या होत्या. कुणीतरी विचारलंच, "सिझर कशापायी केलं?" आई घाईनं म्हणाली, "नाळ गुंडाळली हुती." 

आत्यांनी घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं. "नाळ न्हाय. पायाळू हाय पोरगी. माझ्यावानी."

तात्या दारात चहा घेऊन उभे होते. "काय म्हनलीस?"

"मी बी पायाळूच. आईनं शपत घातली हुती, सासरी बोलायचं न्हाय. पस्तीस वर्सं झाली. ढग गडगडला की जीव मुठीत धरून तुमच्या शेजारी पडून ऱ्हायले. ही न्हाय तसं ऱ्हानार." मग थांबल्या. "आता माहेरी धाडताय व्हय मला?"

तात्यांनी चहाचा कप तसाच उंबऱ्यावर ठेवला.  आत्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

मी या घरात तीन वर्षं आहे. रोज त्यांना वाकून नमस्कार करते. आज पहिल्यांदा त्यांचे पाय नीट बघितले. टाचांना भेगा. जोडवी झिजलेली. कुणाही बाईचे असतात तसेच.