षष्ठीची ओहोटी

गोवा, रविवार

तीर्थरूप बाबा,

तुझ्या अपेक्षाचा वाकून नमस्कार. फोन केला की तू लगेच आईकडे देतोस, म्हणून हे पत्र.

शर्यत झाली. पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही पार पडलं. सायकलवरून जरा पडले, कोपर खरचटलंय. आईला सांगू नकोस.

खरी काळजी हरेशची होती. आमच्या रोह्याच्या गटातला सगळ्यात मेहनती, पण या हंगामात दोनदा वेळ संपली म्हणून त्याला पाण्यातून होडीत घेतलं होतं. ही शेवटची शर्यत. सकाळी किनाऱ्यावर तो सारखा घड्याळ बघत होता. आमच्याच गटातली किमया त्याला धीर देत होती, आणि काल आईकडे फोन देता देता तू विचारलेला प्रश्न मला आठवला, "उद्या तिथी कुठली हाय गो?"

षष्ठी. तू मिठागरात शिकवलेला हिशोब केला. सहाचे पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला पूर्ण भरती झाली, म्हणजे सातला, शर्यत सुटताना, ओहोटी जोरात. डावीकडे नदीचं मुख, पाणी उजवीकडे ओढणार. मी दोघांना हाताला धरून पार डाव्या टोकाला नेलं. लोक हसले. मग तेच उजवीकडे वाहत गेले आणि आम्ही सरळ, जिथून वळायचं त्या पाण्यातल्या झेंड्यापाशी! हरेश चार मिनिटं राखून बाहेर आला, रडतच सायकलवर बसला आणि शेवटपर्यंत पोचला.

पायाच्या चिरांना मलम लावतोस ना?

"त्यात काय, ओहोटी कोनाला पन कलते," असं म्हणशील. बाबा, इथं तीनशे जण उभे होते. एकालाही कळली नव्हती.

तुझी,
अपेक्षा